गोलात उभं असलेलं स्थळ

॥ श्री ॥
अल ऐन, ९ एप्रिल १९९८

चि. सौ. कावेरीस, सुनेत्राचे अनेक उ. आ.

तुझ्या मुग्धाला सिद्धांतचा फोटो पसंत पडला हे वाचून मी आमच्या ह्यांना नाचून दाखवलं. दिराचा मुलगा म्हणून सांगत नाही, पण एवढा सरळ मुलगा शोधून सापडणार नाही. एसीच्या कंपनीत इंजिनियर आहे, राहतो आमच्याकडेच.

इथली मोठी बातमी म्हणजे आमच्या गावाला आइस हॉकीची टीम मिळाली! दुबई-अबूधाबीच्या हौशी लीगने यंदा अल ऐनलाही घेतलं. बर्फावर घसरत काठीने रबराची चकती मारायची, असला प्रकार. पण गावाची कळाच पालटली बघ. एरवी शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवार आला की आम्ही दुबईला पळायचो, आता दुबईवाले गाड्या भरभरून इकडे येतात. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत बर्फाच्या हॉलमध्ये आम्ही बायका साडीवर ब्लँकेटं पांघरून! याकूबच्या दुकानातली ब्लँकेटं खलास झाली.

गोलकीपर मिळेना म्हणून कोचने आपल्या सिद्धांतला उभं केलंय. त्याला घसरता येत नाही, पण कोच म्हणतो, गोलकीपरने हलायचं कशाला?

सर्वांना आत्याची आठवण सांग.
तुझी,
सुनेत्रा

अल ऐन, ७ मे १९९८

चि. सौ. कावेरीस, अ. उ. आ.

सिद्धांतचा हसरा फोटो पाठवा म्हणतेस. अगं, कसला फोटो घेऊन बसलीस! त्याने मौन धरलंय. मौनात हसायचं नसतं. आजकाल इतका धार्मिक मुलगा मिळतो का? जूनअखेरपर्यंत फोनही करू नका, व्रत मोडेल.

माया आहेच, ती तशीच राहो.
तुझी,
सुनेत्रा

कऱ्हाड, २० मे १९९८

ती. सौ. वन्संना, कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हणालात तरी तिकडे सुट्टी म्हणून ह्यांनी शुक्रवारी फोन केलाच. सिद्धांतनेच उचलला. मौन वगैरे काही नव्हतं! चांगला बोलत होता, पण शब्द सगळे ओघळलेले, मध्येच फस्स फस्स. ह्यांनी रिसीव्हर आपटला. म्हणाले, सकाळी अकराला ही तऱ्हा, मग संध्याकाळी काय? मुलगा पितो, मोडलं म्हणून कळव. मुग्धा दोन दिवस धड जेवली नाही. वन्सं, तुमच्या पाया पडते, खरं काय ते लिहा.

राग नसावा.
आपली,
कावेरी

अल ऐन, १ जून १९९८

चि. सौ. कावेरीस, अ. उ. आ.

अगं, देवाशपथ तो पीत नाही! चहा पितो, आणि त्या चहानेच घात केला. मागच्या महिन्यात दुबईशी मॅच होती. खेळ सगळा पलीकडच्या टोकाला चालला होता. कॅफेटेरियाच्या जमालने थंडीचा म्हणून याच्या हातात चहा दिला. याने तोंडावरची जाळी वर करून एक घोट घेतला, तेवढ्यात चकती आली सणसणत. पुढचे दोन दात गेले. लग्न ठरतंय आणि मुलाला दात नाहीत, हे कुठल्या तोंडाने कळवू? म्हणून मौनाची थाप मारली. माझं चुकलं गं. शिक्षा मला कर, त्या पोराला नको.

तुझी,
सुनेत्रा

कऱ्हाड, १४ जून १९९८

श्री. सिद्धांत यांस, स. न. वि. वि.

आत्याचं पत्र आईने सगळ्यांसमोर वाचलं. दात बसवता येतात, याबद्दल घरात एकमत आहे. पण बाबांचा आता आत्याच्या कुठल्याच शब्दावर विश्वास नाही, दारूच्या बाबतीतही. म्हणून तुम्हालाच विचारते. आत्याने बाकी सगळं लिहिलं, पण तो गोल झाला की नाही, ते लिहिलंच नाही. नक्की काय झालं?

मुग्धा

अल ऐन, २५ जून १९९८

कु. मुग्धा यांस, स. न. वि. वि.

तो गोल झाला नाही. चकती दातांना लागून बाहेर गेली. मी मुद्दाम अडवली नव्हती, मी चहा पीत होतो. त्याआधीचे अकरा मात्र झाले.

आपला,
सिद्धांत

कऱ्हाड, ८ जुलै १९९८

श्री. सिद्धांत यांस, स. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांनी दोनदा वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग आईला म्हणाले, पंचांग काढ. आईने विचारलं, आणि तो पितो त्याचं काय? तर म्हणाले, न विचारता सासरी अकरा गोल कळवणारा मुलगा घरात काय लपवणार? मलाही तसंच वाटतं. माझा होकार समजावा.

तुमची,
मुग्धा