बारकीची मापं

सोमवार, ३

आज काय झालं ते क्रमाने :

१. सकाळी साडेनऊला नव्या कामाच्या घरी पोचले. बैठकीची खोली ५२४० बाय ४१८५, उंची ३०१० मिलिमीटर. छत दाणेदार, हात फिरवला तर सोलून निघेल असं.

२. काम असं : छताच्या चारही कडांना नक्षीची पट्टी, म्हणजे कॉर्निस, आणि छताखाली लाकडी फळ्यांच्या दोन पोकळ तुळया. भार घेत नाहीत, नुसत्या शोभेच्या. एक आधीच बसलेली आहे. दुसरी मी बसवायची.

३. पहिली बसवणारी मुलगी काम अर्धवट टाकून, न सांगता निघून गेली. तिला सगळे बारकी म्हणतात.

४. काम संपेपर्यंत राहायला मागची खोली मिळाली. उशी मऊ, खिडकी पूर्वेला.

५. ठेकेदार साहेब म्हणाले, घरमालकीणबाईंनी कामाबद्दल चांगलं लिहून दिलं की बारकीची जागा कायमची माझी.

मी खूश आहे. नोंद म्हणून लिहून ठेवते, कारण हे फारसं होत नाही.

मंगळवार, ४

बाई प्रेमळ आहेत. मला बाळ म्हणतात. मी शिडीवर असताना खालून सांगत होत्या की बारकी शिडीवर चढली तरी आवाज यायचा नाही, बारकीच्या जोडात केस जायचा नाही. दुपारपर्यंत हे नाव अकरा वेळा आलं.

पहिल्या कोपऱ्यात माझ्या जोडात तीन मिलिमीटरची फट राहिली. मी काटकोन धरून कापलं होतं. सोबतचे सुतारमामा म्हणाले, ताई, या भिंती काटकोनाच्या शाळेत गेलेल्याच नाहीत. बाईंना हसू आलं. मला नाही.

मग कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : ९१.७. सातावर आडवी रेघ देणाऱ्या हाताची मापं चारही कोपऱ्यांत होती. त्या कोनाने पट्टी पुन्हा कापली. फट मिटली. आकडा खोडरबराने पुसून टाकला.

बुधवार, ५

चारही कोपरे पूर्ण. चारही तिच्या कोनांनी. चारही आकडे पुसले, आणि बाईंना सांगितलं की मी मोजले.

बाई बराच वेळ वर बघत राहिल्या. म्हणाल्या, अगदी बारकीसारखं झालंय गं.

सारखं. मी ‘सारखं’ ऐकायला चार कोपरे कापले नव्हते.

गुरुवार, ६

दुसऱ्या तुळईसाठी छताचा पट्टा खरवडला. दाण्यांवर आधाराची पट्टी सपाट बसत नाही, म्हणून ते काढावेच लागतात. संध्याकाळी पट्टा कोरा, पांढरा, गुळगुळीत. मामांनी आणि मी, दोघांनी पाहिला.

शुक्रवार, ७

पट्ट्यावर पेन्सिलीने आकडे आहेत. काल संध्याकाळी पट्टा कोरा होता, त्यामुळे हे जुने असू शकत नाहीत.

आतली रुंदी ४२०. खोली २६०. आत दोन आडोसे, मधलं अंतर १६८०. वरून बंद करायची फळीसुद्धा मापासकट : १७१६. तुळईला आडोसे लागत नाहीत, आणि वरची फळी कोणी लावत नाही. सातावर आडवी रेघ. खाली एक ओळ : माझे कोन तुझे म्हणून दाखवलेस.

मामांना बोलावलं. ते शिडीवर चढले, वाचलं, उतरले. हा हात आपल्या ओळखीचा आहे म्हणाले. मग कंबर धरली आहे म्हणाले आणि हत्यारांची पेटी न घेताच गेले.

पहिल्या तुळईवर ठोकून पाहिलं. दोन्ही टोकं पोकळ वाजतात. मधला १४९० चा भाग वाजत नाही.

बाईंना सहज विचारलं, बारकी किती उंच होती. त्यांनी हात आपल्या कानाशी धरला. एवढीशीच होती, म्हणाल्या.

माझी उंची १६७५ आहे.

शुक्रवार, दुपार

बॅग भरली. बाई दारात उभ्या होत्या, अजिबात रागावल्या नाहीत. जा बाळ, नसेल जमत तर, म्हणाल्या. बारकीला जमलं होतं, पण सगळ्यांना कसं जमेल?

बॅग रिकामी केली.

शनिवार, ८

तुळई तयार. लाकडी घोड्यांवर ठेवली आहे. दिलेली सगळी मापं पाळली, एकही मिलिमीटर सोडला नाही. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. बाई बघून गेल्या. वरच्या जुन्या तुळईकडे पाहिलं फक्त.

एकच परीक्षा राहिली. जोड खरा मिटलाय का, ते बाहेरून कळत नाही. आत अंधार करून, उजेड कुठून येतो ते बघायचं. त्यासाठी आत —

मला माहीत आहे मी काय लिहिते आहे. पण तिच्यापेक्षा चांगला असेल तर मला तो पाहायचाच —

शनिवार, भर दुपार

आत आहे. फळी मीच ओढून घेतली. खिडक्या सताड उघड्या, आणि एकाही जोडातून उजेड नाही. एकाही —

वर स्क्रू पिळतंय कोणीतरी. बाईंना हाक मारली. बाई दूर, स्वयंपाकघरातून ओ देतायत.

दोन. तीन. अंतर कानाने मोजते आहे. दीडशे, दीडशे, दीडशे. यंत्राशिवाय इतकं सारखं मला कधीच —

ओळी दिसत नाहीत. अंदाजाने लिहिते.

उचललं. दोन्ही टोकं एकदम. जराही कललं नाही —

आता छत पाठीशी. म्हणजे नाकाशी. शेजारच्या तुळईतून कोणीतरी ठोकतंय. हलकं.

बारकी, तुझ्या जोडातून उजेड येतो का? खरं सांग. थोडासा तरी येत असेल, तर माझं काम जास्त —

सोमवारपर्यंत ठोकून उत्तर दे. त्यानंतर मला ऐकू —