पस्तिसाव्या हिश्शातला वायरलेस

३ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

पाकीट उघडलंस की आधी खिडकीपाशी जा, भिंग घे आणि सोबतचा फोटो बघ. ओळखलीस का गाडी? बाबा स्टिअरिंगवर आणि तू मागे वायरलेसवर, अशी तुम्ही दोघांनी जिच्यात चार वर्षं काढलीत ती. खरीच्या पस्तिसाव्या हिश्शाची आहे, म्हणून माझ्या तळहातावर मावते. तुमच्या पलटणीला पन्नास वर्षं होतायत. एप्रिलमध्ये जुन्या लोकांचा मेळावा आहे आणि आमचे बाबा मला न विचारता तिथे कळवून मोकळे झालेत की मुलगी ताफ्यातल्या पहिल्या गाडीचं मॉडेल करून देणार.

चाकं, टप, आरसे सगळं झालंय. गाडं अडलंय ते तुझ्या वायरलेसपाशी. अख्खा सेट अकरा मिलिमीटरचा! मी दिवसभर कवळ्यांच्या कारखान्यात लोकांच्या दाढा घडवते, पण या सेटपुढे दाढ म्हणजे डोंगर वाटायला लागलीय. सेट मी उरलेल्या कवळीच्या मसाल्यातच ओतलाय. वरून हिरवा आहे, आतून हिरड्यांसारखा गुलाबी. हे मेळाव्यात फोडू नकोस.

तर सांग: बटणं किती, वायरी कुठून कुठे जातात, आणि आकड्यांच्या खिडकीत कुठलं चॅनेल दाखवू? पुस्तकांत तीन फोटो सापडले आणि तिन्हींत तीन तऱ्हा. फोन करून विचारलं असतं, पण जन्मभर हवेतून बोललेला माझा मामा घरात फोन ठेवत नाही, हे ऐकून मैत्रिणी पोट धरून हसतात. मामीला नमस्कार.

लोभ असावा, ओरडा थोडा कमी असावा.
तुझी भाची

१० फेब्रुवारी

चि. दातकोरणीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी झकास. वायरलेस बघून मात्र मी कपाळाला हात लावला. पाच बटणं? अगं, माझ्या सेटला सात होती. उरलेली दोन काय विकून खाल्लीस? वरच्या ओळीत तीन, खालच्या ओळीत चार. खालचं मोठं बटण चॅनेलचं आणि त्याच्या शेजारी आकड्यांची खिडकी. माईकची वायर गुंडाळ्या-गुंडाळ्यांची. हेडफोन डावीकडच्या खुंटीला, कारण मी डावखुरा. पुस्तकात उजवीकडे असेल तर पुस्तक चुकलं.

आणि सेटवर चिखल कुणी फासायला सांगितला तुला? तुम्हा मॉडेलवाल्यांना वाटतं, लष्कराची वस्तू म्हणजे माखलेलीच. चिखल गाडीला फास, ती तुझ्या तीर्थरूपांच्या ताब्यात होती. सेट मी रोज पुसायचो. फक्त चॅनेलच्या बटणावर, जिथे अंगठा बसतो तिथे, रंग उडून पितळ दिसायचं. तेवढं दाखवलंस तर तुला मानलं.

आता एरियलची वायर. सेट एका बाजूला आणि एरियल बाहेरून ड्रायव्हरच्या बाजूला. म्हणून काळी वायर सेटमधून खाली उतरते, जमिनीवरून ड्रायव्हरच्या सीटमागून आडवी जाते आणि पलीकडे वर चढते. सीटच्या मागच्या पायांपासून चार बोटं लांब, दोन चिमट्यांत पकडलेली. जाडी पेन्सिलीएवढी, म्हणजे तुझ्या हिशोबात जाड केसाएवढी. मीच बसवली होती, डोळे मिटून सांगतो.

मेळाव्याला मी येणार नाही. एकतीस वर्षांत एकालाही गेलेलो नाही, कारण विचारू नकोस. मामी म्हणते, हल्ली तुझी पत्रं आली की मी तासभर गुणगुणत असतो. तिला भास होतात.

पत्र पाठवण्यात कंजुषी नसावी.
तुझा मामा

१८ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

सात बटणं झाली! खरं तर आठ करावी लागली. सातवं चिमटीत धरलं आणि मला शिंक आली. मी कारखान्यात चार पायांवर रांगत होते, तेवढ्यात मालकीणबाई आल्या. काय हरवलं म्हणून विचारलं, मी वायरलेसचं बटण म्हणाले, आणि त्या बिचाऱ्या लगेच माझ्या शेजारी रांगायला लागल्या. आठवं करून बसवल्यावर सातवं सापडलं ते एका गिऱ्हाइकाच्या दाढेच्या साच्यात. वेळेवर दिसलं, नाहीतर एखाद्या आजोबांना जेवताना बातम्या ऐकू आल्या असत्या.

अंगठ्याखालचं पितळ सुईच्या टोकाने उतरवलंय. हेडफोन डावीकडे. चिखल पुसला. वायर तू सांगितलीस तशीच, चार बोटांचा हिशोब लावून. बाबांनी स्वतःच्या सीटची मापं दिलीत आणि ती खरोखर पुढे-मागे सरकली पाहिजे असा हट्ट धरलाय. खाली रुळांना पाच खाचा कोरताना माझे डोळे पांढरे झाले.

पण मामा, चॅनेलचं तू शिताफीने गाळलंस. म्हणून मी जेवताना बाबांना विचारलं. ते म्हणाले, तीनवर ठेव, तुझ्या मामाने ठेवलं होतं तसं, आणि एकटेच खो-खो हसले. आईने त्यांच्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं. जेवण अर्धं झालेलं होतं! हे काय प्रकरण आहे? मला सांगितल्याशिवाय सुटका नाही.

उत्तराची वाट बघत नखं खाणारी,
तुझी भाची

२४ फेब्रुवारी

चि. दातकोरणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने ताट उचललं हे वाचून आत्मा थंड झाला. बहीण असावी तर अशी.

तर ऐक. सराव चालू होता. अकरा गाड्यांचा ताफा, आमची सर्वांत पुढे, आणि सगळे आमच्या मागे डोळे मिटून. आमचे साहेब शेवटच्या गाडीत. फाट्यावर कुठे वळायचं ते साहेब वायरलेसवर सांगणार होते, चॅनेल चार. मी चारवरच होतो. सेटचा दिवा चालू, कानात नेहमीची खरखर चालू, आणि साहेबांचा आवाज काही येईना. मी तुझ्या तीर्थरूपांना म्हणालो, हुकूम नाही. ते म्हणाले, हुकूम नाही म्हणजे सरळ. आणि सरळ गेलो ते मुलींच्या शाळेच्या मैदानात! पोत्यांची शर्यत चालली होती. पोत्यातल्या पोरी एकीकडे उड्या मारत सुटल्या, आम्ही दुसरीकडे. खेळाच्या बाईंनी अशी काही शिट्टी फुंकली की अकराच्या अकरा गाड्या जागच्या जागी थांबल्या. मग साहेबांना उतरवून त्यांनी चुन्याच्या रेघेबाहेर उभं केलं आणि शर्यत संपेपर्यंत हलू दिलं नाही.

गाडी थांबल्यावर दोनच मिनिटांत माझ्या कानात साहेबांच्या ऑपरेटरचा आवाज खणखणीत यायला लागला. चॅनेल चारवर! सेट तपासला, ठणठणीत निघाला. मग सगळ्यांनी निकाल लावला की बटण तीनवर राहिलं असणार आणि शिट्टी ऐकून घाबरून मी ते गुपचूप चारवर आणलं असणार. चौकशी झाली आणि माझ्या बाहीवरची फीत गेली. तेव्हा ती मिळून पाचच महिने झाले होते. पलटणीत माझं नाव कानसेन होतं, ते त्या दिवसापासून लोक हसून घ्यायला लागले. म्हणून मी मेळाव्याला जात नाही. तुझा बाप अजून हसतो. त्याच्या मनात काळंबेरं नाही हे मला कळतं, तरी लागायचं ते लागतं.

खिडकीत कुठला आकडा टाकायचा तो तूच ठरव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

४ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, खाली बस. बसलास? आता वाच.

काल मॉडेलमध्ये ड्रायव्हरची मूर्ती बसवायला घेतली. बाबांसारखीच लांब तंगड्यांची. गुडघे स्टिअरिंगखाली जाईनात, म्हणून सीट मागे सरकवली. पाचव्या खाचेत, अगदी शेवटपर्यंत. आणि कर्रकन आवाज झाला. बघते तर सीटचा मागचा पाय तुझ्या एरियलच्या वायरवर! आधी वाटलं, माझंच माप चुकलं. पुन्हा मोजलं, तीनदा मोजलं, मालकीणबाईंकडून मोजून घेतलं. वायर तुझ्या मापाने, सीट बाबांच्या मापाने. तिसऱ्या खाचेत चार बोटं अंतर, चौथीत दोन, पाचवीत पाय थेट वायरवर. सीट पुढे घेतली की वायर मोकळी!

मामा, ती वायर चेंगरली तर दिवा चालू राहील का? खरखर येत राहील का? मला वायरलेसमधलं ओ की ठो कळत नाही, पण मी कालपासून कारखान्यात नाचतेय.

बाबांना भिंगातून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. त्या दिवशी सीट कुठल्या खाचेत होती असं विचारलं, तर उठले आणि गाडी धुवायला गेले. ती सकाळीच धुतलेली होती.

उलट टपाली उत्तर न आल्यास तिथे येऊन धडकणारी,
तुझी भाची

११ मार्च

चि. दातकोरणीस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

दिवा चालू राहील! खरखर चालू राहील! सेटला वाटेल सगळं आलबेल आहे आणि येणार मात्र काही नाही!

खात्री करायला प्रयोग केला. टीव्हीची वायर ओढून जमिनीवर आणली, त्यावर खुर्चीचा पाय ठेवला आणि मामीला म्हटलं, बस, तुझी मालिका लागलीय. ती बसली. चित्र गायब, टीव्ही चालूच, नुसती खरखर. काय झालं म्हणून ती उठली, तर चित्र परत! पुन्हा बसली, पुन्हा गायब. असं पाच वेळा झालं. मी टाळ्या वाजवत होतो. सहाव्यांदा तिला खुर्चीखालची वायर दिसली आणि त्यानंतर जे झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. वजनाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं, तरी.

खिडकीत चार टाक. ठसठशीत टाक.

पण पोरी, खुर्ची आणि मामी म्हणजे पुरावा नव्हे. चौकशीत तुझ्या बापाला विचारलं होतं, गाडीत काही हललं-सरकलं होतं का. तो नाही म्हणाला होता. सीट कायम तिसऱ्या खाचेत असते, असं त्याने सांगितलं होतं. त्याने आता वेगळं सांगितलं तर गोष्ट वेगळी. तू त्याच्या मागे लागू नकोस. एकोणतीस वर्षांची मेहुणेगिरी आहे, ती मला मोडायची नाही.

घरभर वायरी पसरून बसलेला,
तुझा मामा

१३ मार्च

प्रिय कानसेनास,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही. पोरगी समोर बसून लिहून घेतेय असं समजू नकोस. तिला बाहेर पाठवलंय.

सीट पाचव्या खाचेत होती.

फाट्याच्या अलीकडे सरळ रस्ता लागला, तेव्हा मी मागे घेतली. गाडी थांबल्यावर उतरताना सवयीने पुढे केली. खाली तुझी वायर आहे हे डोक्यातच नव्हतं. भिंगातून बघेपर्यंत मला ठाऊक नव्हतं, हे शपथेवर सांगतो. तू चुकलास असंच मी समजत होतो, म्हणून हसत होतो. पण सीट मागे घेतली हे तेव्हाही ठाऊक होतं. चौकशीत खोटं बोललो.

का बोललो ते सांगतो. मांडीवर पत्र होतं. स्टिअरिंगखाली जागा केल्याशिवाय ते वाचता येईना, आणि वर धरावं तर मागून तू बघितलं असतंस. पत्र तुझ्या बहिणीचं होतं. सकाळच्या टपालात आलेलं, सहा तास खिशात जळत होतं. सीट का सरकवली म्हटलं असतं तर पत्र दाखवावं लागलं असतं. तिने लिहिलं होतं, दादाला विचार, तो नाही म्हणणार नाही. ती ओळ वाचली आणि समोर पोत्यातल्या पोरी. त्याच आठवड्यात तुझी फीत गेली. मग तुला विचारायला मला दोन वर्षं लागली.

साहेबांना काल रजिस्टर पत्र टाकलंय. सगळं लिहिलंय, तुझ्या बहिणीच्या ओळीसकट. तिने परवानगी दिली. आधी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग दिली. मेळाव्यात सगळ्यांसमोर मी उभं राहून सांगणार आहे. तू नसलास तरी सांगेन. पण तू असावास.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागतो.
तुझा मेहुणा

१७ मार्च

प्रिय गाडीवानास,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. मामीने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं, मग आम्ही दोघं इतके हसलो की शेजारी बघायला आले. अकरा गाड्या, पन्नास जवान, एक साहेब, आणि सगळे निघाले होते माझ्या बहिणीच्या एका ओळीमागे! अरे गाढवा, त्याच दिवशी विचारलं असतंस तरी मी हो म्हणालो असतो.

हसू थांबल्यावर रागही आला, तो लपवत नाही. तू माझ्या अंगणात येऊन एकतीस वर्षं तीच चेष्टा करायचास आणि मी हसून वेळ मारून न्यायचो. पण तुला एक सांगतो, जे मामीलाही सांगितलेलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं मला खात्री होती की बटण चारवर होतं. मग ती पातळ होत गेली. इतके लोक म्हणतात तर असेल तीनवर, असं वाटायला लागलं. शेवटी शेवटी मला स्वतःला ते तीनवर दिसायचं, डोळ्यांसमोर, खिडकीतल्या आकड्यासकट. तुझ्या पोरीने विचारलं, कुठलं चॅनेल दाखवू, तेव्हा मी उत्तर टाळलं ते रागाने नाही रे. मला माहीतच नव्हतं. काल तुझं पत्र वाचलं आणि ते चारवर गेलं.

मेळाव्याला येतोय. मामीला घेऊन येतोय. तिने गाडीत कुठे बसायचं ते तीच ठरवणार आहे. जुना कोट काढून उन्हात टाकलाय. बाहीवर फीत उसवली तिथे दोऱ्याची भोकं अजून दिसतात. मामी रफू करते म्हणाली, मी नको म्हटलं. कुणीतरी विचारेल, हे कसलं. विचारू दे की.

लोभ होताच, आता त्याला वाचाही फुटली.
तुझा,
कानसेन