झोपेसाठी लोह

११ जानेवारी
पहाटे तीनला उठून पुन्हा स्वयंपाकघरात फेऱ्या! ओट्यापासून दारापर्यंत नऊ पावलं, परत नऊ. अंथरुणावर पाय टेकले की पोटऱ्यांच्या आतून काहीतरी सरपटायला लागतं — दुखत नाही, खाजत नाही, पण स्वस्थ पडूही देत नाही. उठून चाललं की थांबतं. आडवं झालं की पुन्हा सुरू.

ही म्हणते, "अहो, डॉक्टरांकडे जा ना." जाऊन आलो की नोव्हेंबरात! कागदावरची नजर न उचलता ते म्हणाले, "वीस वर्षं रात्रपाळी केलीत, शरीराला सवय लागलीय. झोपेची गोळी लिहून देतो." झोपेची गोळी मी घेणार नाही. माझी रोजीरोटी कानांवर आहे. रस्त्याखाली पाण्याचा पाइप कुठे गळतोय, ते मी वरून सळईला कान लावून ऐकतो. गुंगी आलेल्या कानाला काय डोंबल ऐकू येणार!

१५ जानेवारी
आज अब्रू गेली. कोरडा खड्डा!

मी खडूनं फुली मारली तिथे मुकादमाच्या माणसांनी पाच फूट खणलं. खाली पाइप ठणठणीत. गळती निघाली तिथून अकरा पावलांवर. एकतीस वर्षांतला माझा पाचवा कोरडा खड्डा — इतरांचे महिन्याला पाच होतात. मुकादमानं खड्डा बुजवायला लावला. मग म्हणाला, "साहेब, राग मानू नका. सळईला कान लावून तुम्ही चक्क डुलकी काढत होतात."

निवृत्तीला सोळा महिने राहिलेत. ते मला ताठ मानेनं काढायचे आहेत. त्यासाठी झोप पाहिजे. बाकी काही नको.

१६ जानेवारी
औषधाच्या दुकानातल्या बाईंना विचारलं, गुंगी न आणता झोप आणणारं काही आहे का. त्यांनी मॅग्नेशियमची बाटली पुढे ठेवली. "पुष्कळ जण नेतात," म्हणाल्या. आजपासून सुरुवात.

१९ जानेवारी
मॅग्नेशियमनं झोप आली नाही, पण रात्रभर संडासात बसायची छान सोय झाली! ही बाहेरून विचारते, "अहो, उशी आणून देऊ का आत?"

२७ जानेवारी
बी-कॉम्प्लेक्स. रात्री दहाला घेतली, चारपर्यंत टक्क जागा. लघवी अशी पिवळीधमक की दिवा लावायला नको. लेकीला सांगितलं तर हसून हसून लोळली. "बाबा, ती सकाळी घ्यायची असते!" मग बाटलीवर लिहायला काय झालं होतं? लिहिलं होतं. मी चष्मा लावला नव्हता.

पण हार मानणारा मी नव्हे. वही केली आहे. किती वाजता पडलो, किती वेळा उठलो, कोणती गोळी, किती दिवस. एका वेळी एकच गोळी बदलायची. आमच्या कामातही एका वेळी एकच व्हॉल्व्ह बंद करतात, सगळे फिरवून ठेवले तर कळणार काय! असं शिस्तीत काम तो डॉक्टर तरी करतो का?

८ फेब्रुवारी
जस्त — बारा दिवस. काही नाही. तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव.

१३ फेब्रुवारी
सापडलं!!

लेक वाचनालयात नोकरीला आहे. तिनं आहारशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ आणून दिला होता. दुपारच्या सुट्टीत रोज वीस पानं वाचत होतो. आज पान चारशे बारा. 'रात्री पडल्यावर पायांत वळवळ, चालल्यावर आराम, त्यामुळे निद्रानाश' — अरे, हे तर माझंच वर्णन! पुढे लिहिलंय की शरीरातला लोहाचा साठा कमी झाला की पुष्कळदा असं होतं. फेरिटिन नावाची रक्ततपासणी करून बघावी.

मी उभाच राहिलो. मुकादम म्हणाला, "काय साहेब, लॉटरी?" म्हटलं, त्याहून मोठं!

१६ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत जाऊन आपणहून रक्त दिलं. फेरिटिन आठ! निदान तीस तरी पाहिजे. आकडा बघून इतका आनंद झालेला माणूस तिथल्या मुलीनं पहिल्यांदाच पाहिला असणार. "काका, हे कमी आहे," ती दोनदा म्हणाली. म्हटलं, ठाऊक आहे गं! कमीच पाहिजे होतं!

दहावी शिकलेला माणूस मी. एवढ्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या डॉक्टरला जे दिसलं नाही, ते मी जेवणाच्या सुट्टीत शोधून काढलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

दुकानातल्या बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. "पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या हं," म्हणाल्या. दाखवीन की. बरा होऊन दाखवीन!

१७ फेब्रुवारी
नियम ठरले. गोळी रिकाम्या पोटी, संत्र्याच्या रसाबरोबर. आधी-नंतर दोन-दोन तास चहा बंद, चहानं लोह अंगी लागत नाही. ही म्हणाली, "तीस वर्षं मी चहा कमी करा म्हणून घसा कोरडा केला. आणि ऐकलंत कुणाचं? पुस्तकाचं!"

२ मार्च
पोटऱ्यांतली वळवळ थोडी कमी वाटते. की मनाचे खेळ? वहीत 'थोडी कमी' एवढंच लिहिलं. उगीच फुगवून लिहायचं नाही.

११ मार्च
फक्त एकदा उठलो.

१९ मार्च
साडेसहा तास! सलग! ही घाबरून दोनदा नाकासमोर हात धरून गेली म्हणे. सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाला मी सलाम ठोकला. खोटं कशाला लिहू — डोळ्यांत पाणी आलं.

२८ मार्च
या महिन्यात चौदा फुल्या, चौदाही ठिकाणी पाणी! आज शाळेच्या मागच्या गल्लीत नवं यंत्र घेऊन दोन इंजिनिअर सकाळपासून हिंडत होते. मी सळई लावली, डोळे मिटले. आठ मिनिटांत फुली. साडेचार फुटांवर पाणी उसळलं, मुकादमाच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम त्या इंजिनिअरांना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला, "यंत्राला लोहाच्या गोळ्या द्या, साहेब!"

मी वरवर म्हटलं, अरे पुरे. आतून म्हणत होतो, बोल, आणखी बोल.

४ एप्रिल
गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पत्रकात तसं लिहिलंच आहे. म्हणजे गोळी लागू पडतेय. जेवताना हिला सांगितलं. ती ताट घेऊन उठून गेली.

१० एप्रिल
आमची कीर्ती पसरली! वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका नवऱ्याची तक्रार घेऊन आल्या. कार्यालयातल्या हिशेबनीस बाई आल्या. खालचा न्हावी तर कात्री हातात घेऊनच वर आला. मी सगळ्यांना आधी वही करायला लावतो. मग म्हणतो, एका वेळी एकच! ही आता मला 'डॉक्टर' म्हणते. "डॉक्टर, केर काढता का जरा?"

१८ एप्रिल
पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, दुसरं. झोप नीट लागली की पोटही उतरतं. जिने चढताना धाप लागते हे खरं, पण छप्पन वर्षांच्या माणसानं पाचव्या मजल्यावर उड्या मारत जावं अशी कुणाची अपेक्षा नाही. लेक म्हणाली, "बाबा, बारीक झालात." म्हटलं, देखणा झालो म्हण!

२६ एप्रिल
काल पुन्हा रक्त तपासलं. आता डॉक्टरला दाखवायची वेळ झाली. वहीला नवं कव्हर घातलंय. पहिल्या पानावर तक्ता, लाल पेननं गोळी, निळ्यानं झोपेचे तास. इस्त्रीचा सदरा काढून ठेवला आहे. ही म्हणते, "मुलगी बघायला निघालात का?"

२७ एप्रिल
राग आवरत नाही. जसं झालं तसं लिहितो.

डॉक्टरांनी वही उघडली. या वेळी नजर वर केली, ते खरं. सगळी पानं वाचली. "पायांचं निदान अचूक आहे. मी विचारायला हवं होतं, ते तुम्ही शोधलंत." एवढं बोलून थांबले असते तर मी त्यांचे पाय धरले असते! पण मग रक्ताचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "दहा आठवडे रोज गोळी, आणि आठाचे फक्त सोळा?"

"चढतंय ना पण!"

"हिमोग्लोबिन तर उतरलंय. वजन?"

"तेही उतरलंय," मी ऐटीत सांगितलं.

"शौचाला काळं होतं?"

"गोळीनं होतं. पत्रकात आहे."

"गोळीच्या आधी कसं होतं?"

आधी कोण बघतं!

मग त्यांनी चष्मा काढला. "बाईमाणसाचं लोह कमी झालं तर कारण सहसा कळतं. तुमच्या वयाच्या पुरुषाचं असं आपोआप कमी होत नाही." शौचाची तपासणी, मग आतड्याची दुर्बिणीतून तपासणी — असं लिहून कागद हातात दिला.

म्हणजे काय, मी रोग शोधला, मी बरा केला, आता याला त्यात आणखी एक रोग पाहिजे! स्वतःची चूक झाकायची, दुसरं काय. कागद सदऱ्याच्या खिशात कोंबला. हिला म्हटलं, "डॉक्टर खूष झाले." कुठली दुर्बीण नि कुठलं काय. मी सात तास झोपतोय.

३ मे
ही विचारते, "नक्की काय म्हणाले डॉक्टर?" सांगितलं की एकदा! आवाज चढला माझा. सदरा धुवायला गेला, त्याच्या खिशात तो कागदही गेला. बरं झालं.

१२ मे
आज काय झालं ते लिहितो.

नदीपलीकडच्या पाच मजली इमारतीतून तक्रार होती — पाणी पुरत नाही. मी आणि मुकादम गेलो. तिथले सेक्रेटरी स्वागताला फाटकात उभे. गोरेगोमटे, उत्साही गृहस्थ. आम्हाला थेट गच्चीवर घेऊन गेले. टाकीचं झाकण उघडून म्हणाले, "बघा! काठोकाठ! आता काही काळजी नाही. रोज दोन टँकर मागवतो. चार महिने झाले, टाकी एकदाही रिकामी होऊ दिली नाही मी!" छाती अशी पुढे. खिशातून वही काढली. तारीख, टँकर, पाण्याची पातळी. लाल पेन, निळं पेन.

माझं डोकं तापलं. मी ओरडलो, "अहो, नुसतं भरत काय बसलात! आधी —"

आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

मुकादम म्हणाला, "आधी काय, साहेब?" सेक्रेटरी वही धरून उभे. टाकीच्या कठड्यावर बसलो. मुकादमानं पाणी आणून दिलं.

एकतीस वर्षं लोकांना हेच तर सांगत आलो — आधी गळती शोधा. त्यांच्यावर हसलो, खेकसलो, घरी येऊन त्यांच्या नकला केल्या. आणि स्वतःच्या अंगात तीन महिने नुसते टँकर ओतत बसलो. वर त्याची वही ठेवली, कव्हर घातलं, लोकांना दाखवत हिंडलो. दुसऱ्या कुणाला ही चूक शोभली असती. मला नाही.

खाली उतरलो. जिन्याखालच्या फरशीवर सळई लावली. स्पष्ट ऐकू आलं — फुली मारली. मुकादमाला म्हटलं, "खणून घे, मला जायचंय."

चिखलाच्या बुटांनीच दवाखान्यात गेलो. म्हटलं, डॉक्टर, तो कागद हरवला, दुसरा द्या. चुकलं माझं. ते लागेल असं काहीच बोलले नाहीत. गुपचूप नवा कागद लिहिला आणि दुर्बिणीच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावायला हवी होती.

मुकादमाचा संध्याकाळी फोन आला. फुलीखाली पाणी निघालं.

१४ मे
शौचाच्या तपासणीत रक्त आलं. शनिवारी दुर्बीण.

१९ मे
गाठ आहे. मोठ्या आतड्यात. सोमवारी कापून काढणार, मग पुढचं कळेल.

काल रात्री पाय अगदी शांत होते. मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. बाजूला हीसुद्धा.