पथ्याच्या दोन पोळ्या

अण्णा,

आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मामी परवा गेल्या. त्यांच्या सुनेनं फोन केला. मी जाऊन आले, थोडा वेळ बसले, आणि परत येताना ऑटोत एकदम लक्षात आलं की त्या दोन पोळ्यांची गोष्ट माहीत असलेलं माझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मध्यंतरी लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण मायना काय घालायचा इथंच गाडी अडायची. मी हॉस्टेलवर असताना तुमची पत्रं यायची ती 'चिरंजीव' अशी सुरू व्हायची, आणि मी उत्तराला 'तीर्थरूप' लिहायचे. गेलेल्या माणसाला काय लिहितात ते मला कोणी शिकवलं नाही. म्हणून नुसतं अण्णा. इथं या शब्दावरूनही सुरुवातीला केवढा घोळ झाला होता, आठवतं? इथं तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मामींना कितीतरी दिवस वाटत होतं की मी तुमची धाकटी बहीण आहे आणि बिचारीचं वय जरा कमी दिसतं.

बँकेनं माझी बदली चेन्नईला केली तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. तुम्ही गावाकडे एकटे, मी इथं एकटी. दोन चुली कशाला, म्हणून मी तुम्हाला घेऊन आले. मैलापूरला देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तुम्ही साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली. तुम्ही म्हणायचात, "साखरेनं माझं घर चालवलं, आता पेन्शनीत तीच अंगात मुक्कामाला आली." तुम्हाला सगळ्याचं हसू यायचं, मला नाही यायचं. आईच्या वेळी मी गाफील राहिले होते, दोन महिन्यांत सगळं आटपलं. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही असं मी ठरवूनच आले होते.

डॉक्टरांनी कागदावर पथ्य लिहून दिलं. रात्री भात बंद, दोन पोळ्या, तेल-तूप नाही. मी तो कागद स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवला आणि मामींना जमेल तेवढं समजावून सांगितलं. माझं तमिळ तेव्हा भाजीवाल्यापुरतं. सगळं धैर्य गोळा करून म्हणाले, "रात्रि रेंडु पोळि पोदुम." रात्री दोन पोळ्या पुरेत. मामी कणीक मळता मळता थांबल्या. "दिनमुमा?" रोज? मी म्हटलं हो, रोज. "डॉक्टर सोन्नारा?" डॉक्टर म्हणाले? मी म्हटलं हो, डॉक्टरच म्हणाले. त्यांनी भुवया वर केल्या, काहीतरी पुटपुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी किलोभर गूळ आणि हरभऱ्याची डाळ आणायला सांगितली. मला वाटलं, त्यांच्या सांबाराला लागत असेल.

तमिळमध्ये पोळी म्हणजे पुरणाचीच, हे मला कसं ठाऊक असणार? साध्या पोळीला ते चपाती म्हणतात. पुढे मामी मला म्हणाल्या होत्या की त्यांनाही आश्चर्य वाटलं होतं, पण त्यांनी विचार केला, हे तर यांच्याच मुलखाचं पक्वान्न, तंजावरला मराठे आले तेव्हा आलेलं. मराठी माणसांच्या अंगाला सोसत असेल. आणि वर डॉक्टरांनी सांगितलेलं! मी सकाळी साडेआठला घर सोडायचे, रात्री आठला यायचे. तुम्ही साडेसहालाच जेवून घ्यायचात, जेवण लवकर हवं असंही त्या कागदावर होतंच.

तुम्हाला मात्र पहिल्या घासालाच कळलं असणार. साखर कारखान्यातल्या माणसाला गूळ ओळखू येत नाही का! तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. दोन महिने तुम्ही रोज संध्याकाळी, ऊन ऊन, वरून तुपाची धार सोडलेल्या दोन पोळ्या खाल्ल्यात, आणि मी आल्यावर "जेवलात का?" विचारलं की साळसूदपणे सांगायचात, "जेवलो. तू सांगितलंस तेवढंच." रिपोर्टमधली साखर चढत होती, डॉक्टर गोळ्या वाढवत होते, मी कागद घेऊन डोकं धरून बसत होते. तुम्ही मात्र मजेत होता. तळ्याला दोन-दोन फेऱ्या मारत होता. मार्गळीत, म्हणजे इथल्या डिसेंबरातल्या गाण्याच्या हंगामात, सकाळी फुकट असणाऱ्या मैफिलींना जाऊन बसत होता. त्यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, पण गाण्याच्या सभागृहात कँटीनच्या बाजूची खुर्ची पकडायचात आणि घरी येऊन मला तिथल्या वासांचं वर्णन करायचात. आई गेल्यानंतर मी तुम्हाला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्या पथ्याचा गुण येतोय.

मग त्या दिवशी बँकेत कॉम्प्युटर बंद पडले आणि मी साडेसहालाच घरी आले. दार लोटलेलं आहे. आतून हसण्याचा आवाज येतोय. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलेले, मामी तव्यावरून थेट तुमच्या ताटात वाढतायत, आणि तुम्ही त्यांना मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगताय की मराठीत 'पाल' म्हणजे भिंतीवरची, तुमच्या तमिळसारखं दूध नव्हे. माझ्या मुलीकडे पाल मागू नका, ती खुर्चीवर चढेल. मामी पदर तोंडाला लावून हसतायत. सगळ्या घराला वेलदोड्याचा वास. तुमच्या हातातला घास मला बघून अधांतरी राहिला. "तूच सांगितलंस ना, पोळी द्या म्हणून," तुम्ही म्हणालात, आणि हसलात, मीही हसेन अशा अपेक्षेनं.

मी हसायला हवं होतं. निदान त्या एका मिनिटापुरतं तरी. पण मी ताट उचललं. मामींच्या देखत म्हणाले, "लाज नाही वाटत? या वयात चोरून खाता? आईसारखं मला सोडून जायचंय ना, मग सरळ सांगा." मामींना मराठी येत नव्हतं तरी त्या गॅस बंद करून बाजूला झाल्या. तुम्ही उठलात, हात धुतलेत, पंच्याला नीट पुसलेत. "चुकलं माझं," म्हणालात आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर उघडून बसलात. सकाळीच वाचून झालेला पेपर. मामीही गेल्या. मग मी त्या ताटातल्या पोळ्या टाकायला म्हणून उचलल्या आणि ओट्यापाशी उभ्यानं खाल्ल्या. दोन्ही. मला भूक लागली होती, आणि त्या इतक्या सुरेख होत्या की खाताना मला रडू आलं. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही बाहेर होता, आठ पावलांवर.

त्यानंतर तुम्ही पथ्य पाळलंत, ते कुणी नोकरी करावी तसं. जे दिलं ते खाल्लंत, जेवढं दिलं तेवढंच खाल्लंत. कॉफी बिनसाखरेची, भाजी बिनमिठाची. मैफिलींना जाणं बंद केलंत, मी विचारलं तर म्हणालात, "गाणं कुठं कळतं मला?" स्वयंपाकघरात येणंही बंद झालं. मामी तुमचं ताट बाहेर आणून द्यायच्या आणि लगेच आत वळायच्या. एकदाच तुम्ही मला टोमणा मारलात, तोही हसत. तेल नको म्हणून मी मामींवर ओरडत होते, तेव्हा म्हणालात, "फौजदारीणबाई, पत्रात तुला आयुष्यभर चिरंजीव लिहिलं, आता तू मलाच चिरंजीव करायला निघालीस. पण ते एक चिरंजीव कपाळावरच्या जखमेला दारोदार तेल मागत हिंडतात म्हणे. त्यांनाही कोणी पथ्य लावलंय का बघ." मी म्हटलं, चेष्टा पुरे. तुम्ही पुरे केलीत.

आणि पथ्याचा गुण खरंच आला, अण्णा. हे खोटं नाही. साखर उतरली. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर वर्ष जेमतेम. तुम्ही साडेतीन वर्षं काढलीत. त्या साडेतीन वर्षांत काय होतं हे मी कितीदा तरी आठवून पाहते. रविवारी तुम्ही माझ्या छत्र्या दुरुस्त करत होता. मी कामावरून आले की दार उघडायला तुम्ही होता; बेल वाजायच्या आधी, पावलांवरूनच ओळखून. शेवटच्या वर्षी मूत्रपिंडं दमली आणि पाणीसुद्धा मापानं द्यायचं ठरलं. इथल्या मे महिन्यात! तुम्ही बर्फाचा एक खडा तोंडात धरून खिडकीशी बसलेले, खाली नारळपाणीवाला शहाळी सोलतोय, तुम्ही त्याच्या कोयत्याकडे बघताय. मी तुम्हाला बघतेय. "काय बघताय?" विचारलं तर म्हणालात, "हात बघ त्याचा, किती बसलाय." तुम्ही जगत होता, यात शंका नाही. पण कशावर जगत होता हे मी कधी विचारलं नाही. मला एवढंच हवं होतं की संध्याकाळी दार आतून उघडावं.

आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाला आलेय. माझ्याही रिपोर्टवर डॉक्टर नाक मुरडतात. पण मला काहीही खाता येतं; अडवायला घरात कोणी नाही. तळ्याकाठच्या दुकानातून पुरणाच्या पोळ्या आणते, एखाद वेळी चार-चार आणते, आणि अर्धी खाऊन बाकीच्या ठेवून देते. पूर्वी मला वाटायचं की माणसानं आधी जगावं, सुख नंतरचं. हल्ली वाटतं, ज्याला 'आता हे खाऊ नका' म्हणणारं कोणी नाही त्याच्या गोडालाही फार चव राहत नाही. यातलं खरं काय, ते मला नीट सांगता यायचं नाही. तुम्ही असता तर दोन्ही बाजूंनी चेष्टा केली असतीत.

पण मी लिहायला बसले ती हे सांगायला नाही. मामींनाच ठाऊक असलेली गोष्ट पुढचीच आहे. शेवटच्या वेळी आपण डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि मला एकटीला आत थांबवलं. कागद बाजूला सारले. म्हणाले, "आता पथ्य राहू द्या. त्यांना जे आवडतं ते खाऊ द्या." एवढंच. पुढचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी बाहेर आले. तुम्ही बाकावर काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. "काय म्हणाला?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "आहे ते पथ्य नीट चालू ठेवा म्हणाले." तुम्ही मान हलवलीत. "मग बरंय," म्हणालात. "पथ्य सांगतोय म्हणजे अजून काही आशा आहे त्याला." आणि ऑटोत बसल्यावर दिवाळीला गावी जायचं काढलंत, तिकिटं आत्ताच काढून ठेव म्हणालात.

मामींना मी घरी आल्यावर सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "पोळि पण्णट्टुमा?" करू का पोळ्या? गूळ होता घरात. मी म्हटलं, "वेंडाम." नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "पावम," बिचारं, एवढंच म्हणाल्या, ते तुमच्यासाठी की माझ्यासाठी कोण जाणे, आणि फुलक्यांची कणीक घेतली. रोज विचारायच्या त्या. रोज मी नको म्हणायचे. एकोणीस दिवस. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही अर्धा फुलका खाल्लात, बिनमिठाच्या दुध्याशी, खूप वेळ चावून. मी समोर बसले होते.

स्वतःला मी सांगत आले की तुमची आशा मोडू नये म्हणून मी खोटं बोलले. ऑटोतला तुमचा चेहरा आठवून ते पटतंही. पण तसं नव्हतं ते. ताटात पोळी पडली असती तर तुम्हाला कळलं असतं, आणि मग ते खरं झालं असतं, आणि मी ते खरं व्हायला तयार नव्हते. तुमच्या तोंडचा तो घास मी दोनदा काढून घेतला. पहिल्यांदा तुम्ही जगावं म्हणून. दुसऱ्यांदा मला भीती वाटत होती म्हणून.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे बरंच आहे. तुमचा पत्ता असता तर मी मामी गेल्याचं कळवलं असतं, इथला उन्हाळा कळवला असता, आणि तिथंच थांबले असते.