आधी कोरोना जाऊ दे

प्रिय अनिता,

हे पत्र आदेश तुझ्या हातात देईल, आसनगावला भाजी उतरवायला त्याचा टेम्पो येतोच. फोनच केला असता, पण तुझा फोन म्हणजे ग्रामसभा. तुझ्या सासूबाई आणि वाल्मिकभाऊजी शेजारी असले की तू नुसतं ‘हं’ म्हणतेस. म्हणून हे एकटी बसून वाच. वजनाच्या ऑपरेशनची तारीख तू नको म्हणून कळवलीस. ‘आधी कोरोना जाऊ दे’ म्हणालीस म्हणे. अगं, झोपेत तुझा श्वास अडतो म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी तुझं नाव यादीत वर घेतलं होतं. आणि लॉकडाउनमध्ये आपल्या दोघींच्या तारखा रद्द झाल्या तेव्हा रडली कोण होती?

कल्याणच्या दवाखान्यात ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली तेव्हा माझ्याही तोंडात हेच वाक्य होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोरोना कधी जाईल ते मला ठाऊक नाही, पण वजन आणि साखर दोन्ही असलेल्या माणसाला तो जड जातो हे ठाऊक आहे. ज्यांना जास्त गरज त्यांनाच आधी घेत होते. कोरोनाचे पेशंट वेगळ्या इमारतीत, आत जाण्याआधी माझी आणि आदेशची दोघांची तपासणी. आणि त्याआधी दोन आठवडे घराबाहेर पडायचं नाही, पातळच खायचं.

इथेच गंमत झाली. मी दिसेनाशी झाले तशी धसईत गावभर बातमी, माधुरीला कोरोना झाला! शेजारच्या लहानीकाकीने आमच्या वाटेवर करवंदीच्या काट्या टाकल्या. पण आजाऱ्याच्या घरी काहीतरी खायला द्यायचं ही आपली रीत, ती काही सुटेना. रोज काट्यांपाशी कुणाचा ना कुणाचा डबा ठेवलेला. तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं. मी ताक पीत बसायचे आणि आदेश डबे चाटूनपुसून साफ करायचा. वजन उतरायचं होतं माझं, चढलं नवऱ्याचं. खरं काय ते सांगून टाकते म्हटलं, तर सासूबाईंनी हात जोडले, “कोरोना झालाय असंच सांग गो, पोट कापून घेतेस ते नको सांगू.” रोगाची लाज नाही, जाडेपणाची लाज! हसू आलं, पण रागही आला. शेवटी काट्यांपासून लांब उभी राहून मीच लहानीकाकीला ओरडून सगळं सांगितलं. ती म्हणते कशी, “मंग आमचं डबं कुनी खाल्लं?”

भीती वाटली का? वाटली गो, खूप वाटली. पांढऱ्या किटमध्ये एकाचाही चेहरा दिसेना. कसाऱ्याच्या एका नर्सने किटवर पेनाने आपलं नाव लिहिलं होतं, सावळी. ते नाव वाचता वाचताच मला गुंगी आली. पुढचे दिवसही सोपे नव्हते. एकदा घाईने भाकरीचा तुकडा खाल्ला आणि उलट्यांनी जीव नकोसा झाला. केस तर मूठमूठ गळले. पण साखरेच्या गोळ्या निम्म्यावर आल्यात, आणि परवा शेतात मी उकिडवी बसून वालाच्या शेंगा तोडल्या. कुणाचा हात न धरता उठले! इतका आनंद झाला की पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. आदेशला वाटलं, काहीतरी हरवलंय.

आता या पत्राचं खरं कारण सांगते. तुझ्या कुणालीचा मला फोन आला होता, तुला न सांगता. तिला रागावू नकोस. म्हणाली, “मावशी, आई झोपेत श्वास घ्यायची थांबते. मी हलवून हलवून उठवते. मला झोप लागली तर?” एवढं बोलून पोरीने फोन ठेवला आणि मी इकडे रडत बसले. मग दवाखान्यात फोन केला आणि तुझी तारीख राखून ठेवायला लावली. नवरा असून भाऊजी येणार नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून सोबतीला माझं नाव दिलंय. सोबतच्या माणसालाही आधी घरातच राहावं लागतं. तेव्हा सोमवारपासून तिकडे तू आणि इकडे मी, दोघींनी उंबरा ओलांडायचा नाही. ठरलेल्या सकाळी आमची गाडी तुझ्या दारात उभी असेल. नाही म्हणायचंच असेल तर बाहेर येऊन मला सांग, पण कुणालीसमोर सांग.

तुझीच,
माधुरी