वहीतला उजवा रकाना

जुईनगर,
४ जानेवारी २०२५

ती. चंद्राबाई वन्सं यांना नंदिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू येतं आणि मिताली ऐकते, म्हणून पत्र. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ह्यांची स्कूटर बंद पडू नये म्हणून मी ती रोज सकाळी दोन मिनिटं सुरू करते. तेच बघून सोळा वर्षांची पोर ती चालवायला शिकली. गेले तीन रविवार क्लासचं नाव सांगून स्कूटर घेऊन जाते. वॉचमन म्हणाला, डोक्यावर हेल्मेट नसतं. विचारलं तर म्हणाली, आई, टेन्शन नको घेऊस.

वाचनालयातून वाढत्या वयाच्या मुलांवरचं पुस्तक आणलं. त्यात सांगितलंय तसे वहीत दोन रकाने आखले. डावीकडे, पोराला धोक्याकडे काय ढकलतं. भराभर लिहिलं: बाप गेला, आई दिवसभर कामावर, मैत्रिणी तुटल्या. उजवीकडे, काय धरून ठेवतं. तो कोराच आहे. महिनाअखेरीला सांगलीच्या हॉस्टेलचा फॉर्म भरते. चुकत असेन तर रागवा.

मायेची नजर असू द्या.
तुमची नंदिनी

न्हावा,
९ जानेवारी

चि. नंदिनीस चंद्राबाईचे अ. आ.

फॉर्म भरू नको. चोर मीच हाय. तुजी पोर तिन्ही रविवार माज्याकडंच आली. कंटेनरच्या रस्त्यानं, उघड्या डोक्यानं! पयला कान पिळला, मंग जेवाया वाढलं. आईला सांगू नको म्हनून शपथ घातली, आनि मी म्हातारी फसली. चुकलंच माजं.

बापाच्या गोष्टी इचारते. रोहिदास होडीवरून भरतीत उड्या कसा मारायचा, त्या. घरात त्याचं नाव काढलं का आई उठून मोरीत जाते, असं बोलली. खरं काय गं?

उजवीकडं माजं नाव लिव. येवढी पुस्तकं वाचतेस, येवढं कळत नाय?

वाकट्यांची मासळी सुकवलीय, न्यायला ये. जीव लावतेस तसाच लावत ऱ्हा.
चंद्राबाई

जुईनगर,
१४ जानेवारी

ती. वन्सं यांना सा. न.

तुमचं पत्र मितालीसमोर मोठ्यानं वाचलं. ह्यांच्या नावापाशी उठले, आणि परत बसले. मग दोघी बराच वेळ भांडलो. शेवटी तिनंच चावी पुढे केली; मला अठरा होईपर्यंत ही चावी आत्याकडे राहू दे म्हणाली. फॉर्म फाडला. तरी खाली कुणाचीही स्कूटर वाजली की मी गॅलरीत धावतेच.

उजवीकडे तुमचं नाव लिहिलं. त्याखाली मितालीनं तिच्या अक्षरात 'आई' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

रविवारी बसनं दोघी येतो. रोहिदासांची ती होडीची गोष्ट पुन्हा सांगा. मी ऐकलेली नाही.

अशाच हक्कानं रागवत राहा.
नंदिनी