गुरुवारची सासू आणि सोमवारची भांडणं

भिंगार,
१४ नोव्हेंबर १९७२

तीर्थस्वरूप केशरमावशीस, कानिफनाथचा दंडवत. तुझा घसा कसा आहे? (आधी घशाची चौकशी अशासाठी, की बाकीची तू घशावरच उभी आहेस.) इकडे नळाला दिवसाआड पाणी, बाकी सगळे खुशाल. निदान वरून तरी तसेच दिसतात. आतून कोण कसा आहे याबद्दल मला गेले तीन महिने दाट संशय आहे, आणि त्याचा धागा तुझ्यापर्यंत येतो, म्हणून हे पत्र.

तुझ्या कर्तबगारीचा अभिमान माझ्याइतका कुणाला नसेल. बारा वर्षांपूर्वी तू पुण्याला वसतिगृहावर देखरेखीला होतीस, आणि रेडिओवर पहिल्यांदा आलीस ती शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात नुसती खोकायला. त्या खोकल्यासाठी आम्ही कर्जतच्या चावडीसमोर तासभर आधी जाऊन बसलो होतो. मग तू सुईण झालीस, आंधळी आजी झालीस, पाणवठ्यावरची तिसरी बाई झालीस. वय पस्तीस, आवाज पासष्टचा. नावं सांगताना तू कायम ‘आणि इतर’मध्ये. यंदा कुठं गुरुवारच्या मालिकेत खाष्ट सासू झालीस आणि तुझं नाव आम्ही कानांनी ऐकलं. त्या दिवशी आईनं सगळ्या क्वार्टरांत साखर वाटली.

पण श्रावणात तू आमच्याकडे आठ दिवस राहून गेलीस, आणि पुढच्याच गुरुवारी तुझी सासू सुनेला म्हणाली, ‘तुला च्या टाक म्हनलं तर तू पातेल्यालाच इचारत बसतीस.’ मावशी, हे वाक्य आमच्या आईचं आहे. ते मी तीन वर्षं रोज सकाळी ऐकतो. मालननं (सून म्हणून ते तिलाच उद्देशून असतं) माझ्याकडं पाहिलं. आई शांतपणे म्हणाली, ‘लई खरं बोलती बाई.’ मी समजलो, तू जाताना दोन-चार वाक्यं पिशवीत घालून नेलीस. मावशीच आहे, नेली तर नेली.

पुढं मात्र तुझ्या माघारी झालेली भांडणंही रेडिओवर लागायला लागली. लोणच्याच्या बरणीचं भांडण आमच्याकडं सोमवारी झालं, तुझ्याकडं दहा दिवसांनी. म्हणजे घरात कुणीतरी फितूर होतं. मी लष्करी भांडारात कारकून आहे, माल कुठून गळतो ते शोधणं हेच माझं काम. शेजारच्या भीमाबाई भिंतीला कान लावतात असा मला वहीम होता, म्हणून त्यांना सांगितलं की आई कवळी बसवणार आहे. मालनला सांगितलं, साहेबांनी मला कुत्रा देऊ केलाय. आणि आईला सांगितलं, माझी खडकीला बदली होतेय, मालनला घेऊन वेगळं बिऱ्हाड करतो. तिन्ही खोटं. जे रेडिओवर येईल, त्यावरून माणूस सापडणार होता.

गेल्या गुरुवारी कवळी आली नाही, कुत्राही आला नाही. मालिकेतला तुझा मुलगा पडेल आवाजात म्हणाला, माझी बदली झालीय, मी वेगळा राहतो. एरवी श्वास न घेता बोलणारी तुझी सासू सावकाश बोलायला लागली. आई समोर तांदूळ निवडत होती. तिचे ओठ हलत होते आणि ते तुझ्या आवाजाच्या एक शब्द पुढं होते. ‘जा बाबा. फकस्त तिला म्हनावं, जाताना माझ्याशी भांडून जा. मुकाट्यानं गेली तर मला घर खायला उठंल.’

पलीकडं भीमाबाई हुंदके देत होत्या. मी रेडिओ बंद केला. ‘आई, हे तू कळवतेस?’

‘व्हय,’ आई म्हणाली. ‘केशरची रेडिओतली सासू मारून टाकायचं ठरलं हुतं. तिनं माझी दोन बोलनी तिथं बोलून दावली, तवा सायेब हसला आन् सासू वाचली. भनीचं काम जाऊ द्यायचं व्हय?’

‘म्हणजे तू मुद्दाम भांडतेस?’

‘समदं न्हाई. निम्मं.’

सगळी भांडणं सोमवारीच का होतात, ते तेव्हा कळलं. टपाल मंगळवारी निघतं. ‘तुला तर लिहिता येत नाही, मग पत्र कोण लिहितं?’ असं आईला विचारलं तर म्हणाली, ‘त्ये इचारू नगंस.’ मावशी, तूही सांगणार नाहीस, ठाऊक आहे. माझी तक्रार एवढीच, की घरच्या कर्त्या माणसाला हे तुम्हा बहिणींनी सांगायला हवं होतं.

तुझा,
कानिफनाथ

ता. क. बदली खोटी होती हे आईला अजून सांगितलेलं नाही. धाडस होत नाही. तरी येत्या एक-दोन गुरुवारांत तुझ्या मुलाची बदली रद्द करावी. म्हणजे ते रेडिओवरून तिच्या कानावर जाईल आणि मला काही बोलावं लागणार नाही. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

दुसरी ता. क. भीमाबाईंनी भिंतीतून ऐकलेलं सगळीकडं केलं, आणि आमच्या भांडारातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, म्हातारीला टाकून निघालास. घाई करावी.

(वेगळ्या अक्षरात)

मावशींना मालनचा नमस्कार. हे पत्र यांनी पेटीत टाकायला माझ्याकडंच दिलं, नेहमीचं मंगळवारचं टपालही मीच टाकते. यांना वाटतं कुत्र्यावर माझा विश्वास बसला. खोटं बोलताना हे कान खाजवतात. बदलीचं खोटं सासूबाईंना त्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या मुलाला महिनाभर तरी परत आणू नका. हे सध्या न सांगता पाणी भरतात.

आणि एक. ‘भांडून जा’ हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. लिहिता लिहिता मीच घातलं. वाचून दाखवल्यावर त्यांनी तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, ऱ्हाऊ दे.